सातव्या टोपलीची लाल तबकडी

४ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

भांडण फोनवर करायचं नाही, पत्रात करायचं, हा बाबांचा नियम. लिहिता लिहिता निम्मं ओसरतं म्हणे. माझं तर वाढतंय. दुकानातल्या शिडीवरून पडून नडगी मोडली ती माझी, आणि मजा तुझी! मी आपला पाय उशीवर ठेवून फोटोंच्या चौकटी ठोकत बसलोय. काल गवंडी सांगून गेला, की डिस्क गोल्फच्या जोडीत माझ्या जागी आलेली तू झाडांमधून तबकडी अशी काढतेस की बघत राहावं. इतकी वर्षं तो माझा जोडीदार, पण माझ्या फेकीला त्याने कधी मान डोलावली नाही.

लाल तबकडी तुला दिलीय ती पाय बरा होईपर्यंतच. एका फेकीत टोपलीत गेली तर सगळ्यांनी तिच्यावर सह्या करायच्या आणि ती पुन्हा फेकायची नाही, ही आपल्या गटाची रीत. माझ्या हातून ते अजून एकदाही झालेलं नाही. माझ्याच तबकडीवर माझ्याआधी तू सह्या घेतल्यास तर याद राख. जळतोय मी, सरळच सांगतो.

वहिनी तुझी आठवण काढते, मी काढत नाही. रागाखाली माया आहे, ती राहू दे.

तुझा दादा

२० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक्स-रे काढणं माझं रोजचंच काम. तुझ्या हाडाचा फोटो बघितला, छान सांधतंय. जळकेपणाचा फोटो निघत नाही, नाहीतर तोही काढून दुकानात लावायला दिला असता.

घरात कुढत बसू नकोस. पुढच्या डावाला कुबड्या घेऊन ये. सातव्या टोपलीपाशी टेहळ्या लागतो. ती टेकाडाआड, फेकणाऱ्याला दिसतच नाही. तबकडी कुठे पडली ते टेहळ्याने सांगायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. नाक मुरडू नकोस, सगळे तुझी वाट बघतायत. मीसुद्धा.

लोभ असेल तर ये, नसेल तरी ये.

बारकी

६ मे

चि. बारकीस,
आशीर्वाद.

आलो ना? झालं समाधान? झाडाखाली उभं राहून धाकट्या बहिणीच्या तबकड्या शोधायच्या, हे दिवस आले! तुझी फेक चांगली होती, नाही म्हणत नाही. टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांना चाटून वीतभर बाहेर पडली. मी जागचा हललो नाही, पडली तिथेच तुला दाखवली. तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस ते मला आवडलं नाही. गवंड्याने तुझी पाठ थोपटली, तेही नाही.

काल प्लास्टर निघालं. पाय नुसता काठी झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात खेळा, पण धावत येऊन नाही, उभ्या उभ्या फेका. तबकडी परत पाठव.

दादा

१० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तबकडी पुसून पाठवतेय. साखळ्या अशा खणखणल्या होत्या की गवंडी तिथेच नाचायला लागला होता. पण टेहळ्याचा शब्द शेवटचा, तो मी मानला.

तुझ्या पहिल्या डावाला सातव्या टोपलीपाशी मी उभी राहीन. पायाला जप.

बारकी

१४ जून

चि. बारकीस,
खूप खूप आशीर्वाद.

अजून विश्वास बसत नाही गं! पाय लटलटत होता, दंडात जोर नव्हता. मला वाटलं, टेकाडसुद्धा ओलांडायची नाही. आणि पलीकडून तू ओरडलीस, गेली म्हणून! गवंड्याने मला मिठी मारली. तुझी नुसती पाठ थोपटली होती, लक्षात आहे ना? सगळ्यांच्या सह्या झाल्या. मी शिसवी चौकट करून तबकडी दर्शनी भिंतीवर लावलीय. गिऱ्हाईक आलं की आधी तीच दाखवतो. वहिनी वैतागलीय.

आता थोडी तू जळ. जळून झालं की जेवायला ये.

तुझा दादा

१८ जून

ती. दादास,
सा. न.

जळतेच आहे. म्हणून लिहिते.

तुझी तबकडी टोपलीच्या चार हात अलीकडे गवतात पडली होती. मी उचलून आत टाकली.

त्या दिवशी मे महिन्यात वळवाच्या सरीने माती ओली होती. तू जागचा हललो नाही म्हणालास, पण कुबड्यांचे गोल ठसे झाडापासून टोपलीपर्यंत जाऊन परत आले होते. आणि माझी तबकडी भांड्यावर झाकण ठेवावं तशी सुबक ठेवलेली. साखळ्यांना लागून पडलेली तबकडी अशी पडते का रे? मी कुणाला बोलले नाही. घरी येऊन रडले.

तू माझी बाहेर काढलीस, मी तुझी आत टाकली. फिटंफाट व्हायला हवी होती, होत नाही. त्या चौकटीकडे बघून तुला काय वाटतं ते कळव.

बारकी

२५ जून

चि. बारकीस,

चौकट उतरवली. सगळ्यांना दुकानात बोलावून सांगितलं, माझंही आणि तुझंही. गवंडी अजून माझ्याशी बोलत नाही. सर्वांच्या संमतीने सह्या तशाच ठेवल्या. माझं नाव खोडून तुझं घातलं, तारीख मे महिन्यातली. खाली टेहळ्या म्हणून माझी सही आहे. तबकडी सोबत पाठवतोय.

जळतोय अजूनही, खोटं कशाला बोलू? पण एक सांगतो. त्या दिवशी तुझी तबकडी टेकाडावरून वर आली, उन्हात जरा थबकल्यासारखी झाली आणि सरळ मधोमध साखळ्यांत शिरली. इतकी देखणी फेक मी जन्मात बघितली नव्हती. तू ती पाहिली नाहीस, गवंड्यानेही नाही. मी एकट्यानेच पाहिली. तेवढी माझ्याकडे राहू दे.

लोभाचं मात्र टेहळ्याच्या शब्दावर सोडू नकोस, तूच ठरव.

दादा