कोलोंबामावशीची किलकिली झडप

२४ जून १९६३
परांची बांधून झाली! समुद्राकडची सातही घरं रंगवणं यंदा माझ्या एकटीच्या हाती. बाबांचा हात थरथरतो, म्हणून ते खाली खुर्ची टाकून नुसते ओरडतात — "निवेस, सावली डावीकडे! सूर्य काय तुझ्यासाठी जागा बदलणार आहे?"
मासेवाली तेरेसिन म्हणाली, "बाई परांचीवर चढली, आता बापे मासे विकणार वाटतं!" म्हटलं, तुझ्या नवऱ्यापासून सुरुवात कर.

२७ जून
चार खिडक्या झाल्या — पडद्यासकट. खऱ्या खिडक्या कोण ठेवणार या भिंतीला? हिवाळ्यात लाट थेट बिछान्यात यायची. चितारलेल्या बऱ्या. गळत नाहीत, पुसाव्या लागत नाहीत. जेवताना फोकाच्या पावालाही चुन्याचा वास.

२ जुलै
कोलोंबामावशीचं घर. वरच्या खिडकीची एक झडप किलकिली — तिचा लेक प्रोस्पेरो ब्वेनोस आइरेसला गेला त्या वर्षी बाबांनीच तशी रंगवलेली. आमच्याकडे हीच रीत. घरचं माणूस दर्यापार असलं की झडप उघडी. परतलं, की मिटायची. किंवा कधीच परतणार नसलं, की.
मावशी खाली आली, हातात तुळशीसारखी बाझिलिकोची जुडी. म्हणाली, "यंदा दोन्ही झडपा लावून टाक, पोरी."
"का गं मावशी?"
"लाव म्हटलं ना!"
आणि गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण पायऱ्या कशा चढते!

३ जुलै
गावभर झालं. पाद्रीबुवांनी मला गाठलं — "प्रोस्पेरोचं काही बरंवाईट झालंय. ती बोलत नाही एवढंच." तेरेसिनने मावशीला तारल्या फुकट दिल्या. मावशीने घेतल्या आणि वर लिंबूही मागितलं!

८ जुलै
मावशीचं घर सोडून पुढचं घेतलं. सांगितलं, भिंत ओली आहे.

१५ जुलै
आज सांगितलं, चुना मुरला नाही. मावशी खालून — "अगं, चुना मुरवतेस की लोणचं?" सगळा धक्का हसला. मीही हसले आणि पुढच्या घराचा रंग कालवायला घेतला.

२२ जुलै
बाबांनी पकडलंच. "तो चुना दोन वर्षं मुरलाय. कोणाला बनवतेस?"
मग सगळं बोलून टाकलं. मी बारा वर्षांची असताना प्रोस्पेरोने मला पोहायला शिकवलं — शिकवलं कसलं, धक्क्यावरून ढकलून दिलं! ती झडप मी मिटली, तर त्याला मीच पुरल्यासारखं होईल.
बाबा पाईप भरत म्हणाले, "मी ती उघडी रंगवली ना, तेव्हा मावशी नव्हती रडत. मी रडत होतो. तिने मला वर कॉफी पाठवली आणि म्हणाली, रंगात पाणी पडेल, डोळे पूस. आपण भिंती रंगवतो, बाई. नशीब नाही."
"पण विचारू तरी का?"
"तुला विचारायचंय ते तिला सांगायचं असतं, तर तिने सांगितलं नसतं?"

२९ जुलै
सहा घरं झाली. रविवारी सागरमाऊलीचा उत्सव, होड्या समोरूनच जाणार. आता सबब उरली नाही. जुना गिलावा खरवडला. बाबांची झडप पापुद्र्या-पापुद्र्याने खाली पडली. तेरेसिन क्रूसाची खूण करून निघून गेली.

३१ जुलै
मिटली. दोन्ही झडपा, हिरव्यागार. खाली पाहते तो मावशी उभी — या उन्हात लोकरी कोट, पायाशी पेटी, काखेत खारवलेल्या मांदेल्यांची बरणी! म्हणाली, उद्या जेनोवाहून ब्वेनोस आइरेसचं जहाज. प्रोस्पेरो ठणठणीत आहे, तीन मुली आहेत त्याला.
मी वरूनच ओरडले, "अगं, मग आम्हाला सांगायचं नाही का!"
"सांगितलं असतं, तर अख्ख्या गावाने पाय धरले असते. सोळा वर्षं मी त्याची वाट पाहिली, आता पाहू दे त्याला माझी. आणि काय गं — घरात मी नसताना खिडकी उघडी टाकून जाऊ?"