आठ तासांचे मटण

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीपासून वही उघडली नाही. उशिराबद्दल माफी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा माफी कोणाची मागतो आहे ते कळत नाही. पण मागितलेली बरी.

मन ठिकाणावर नव्हते. नात सृष्टी पुढच्या सोमवारी हैदराबादला नोकरीला चालली. ओझरहून विमान. काल जेवताना तिच्या आईने विचारले, तिकडे गेल्यावर इथले काय आठवेल गं? पोरगी घास गिळायच्या आत म्हणाली, घोटीच्या आबांचे मटण.

घोटीचे आबा म्हणजे सून सुवर्णाचे वडील, आमचे व्याही देवराम. पोरगी वाढली इथे, सिडकोत. शाळेत सायकलवर मी सोडली. गोवर आला तेव्हा उशाशी मी. आणि आठवणार कोण, तर जो महिन्यातून एकदा चुलीवर पातेले चढवतो तो.

मला वाईट वाटलेले नाही. नुसते लिहून ठेवतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मार्ग सापडला. मुलगा महेश, त्याला कंपनीकडून दिवाळीत स्लो कुकर मिळाला, तो माळ्यावर खोक्यातच होता. विजेवर चालतो, मंद आचेवर तासन्‌तास शिजवतो. आत चिनी मातीचे जड भांडे, वर काचेचे झाकण. पुस्तक इंग्रजीत. मी सातवी पास, पण पस्तीस वर्षे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये वजनकाट्यावर होतो. खोक्यावरचे इंग्रजी वाचता येते. पान सहावर ‘पॉट रोस्ट’. मांसाचा अख्खा तुकडा, बाजूला अख्खे बटाटे. मीठ, मिरी, आठ तास. फोटोत मटण चमच्याने तुटते आहे.

देवरामचे मटण चिवट असते. हे मी कवळी बसवली म्हणून म्हणत नाही.

निश्चय: रविवारचे निरोपाचे जेवण माझ्या हातचे.

घरात जाहीर केले. सौ. सगुणाबाई म्हणाली, तुम्हाला चहा करता येत नाही. सुवर्णा हसली. महेश म्हणाला, दादा, आपण घोटीच्या आबांनाही बोलवू. बोलवा म्हणालो. बघू दे त्यालाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बुधवारी पौर्णिमा, गुरुवारी सौ.चा उपवास, म्हणून ट्रायल आज. अर्धा किलो. पुस्तकाबरहुकूम मीठ, मिरी, बटाटे. आठ तास.

संध्याकाळी ५. मऊ झाले. पण पाणी फार सुटले. सौ. चाखून म्हणाली, दवाखान्यात देतात तसे लागते. सृष्टी म्हणाली, आजोबा, बटाटा मस्त आहे हं. सगळा बटाटा तिने खाल्ला. मटण शेजारच्या कुत्र्याला गेले.

पोरगी मनाची चांगली आहे. बटाटा ठरला. चूक फक्त मसाल्याची.

सुवर्णाच्या फ्रीजरमध्ये घोटीच्या काळ्या मसाल्याची बरणी आहे. मी बरणीला हात लावणार नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नवीन अडचण. रविवारी एकला पाने वाढायची तर कुकर पहाटे पाचला लागला पाहिजे. मटणाचे दुकान उघडते सातला. म्हणजे मटण आजच आणून ठेवायला हवे. आज शनिवार, त्यात संकष्टी. सौ. म्हणाली, घरात येऊ देणार नाही. मी म्हणालो, अगं, खाणार रविवारी, आज नुसते फ्रीजमध्ये बसेल. ती म्हणाली, बसायचेच असेल तर दुकानात बसू दे.

दुकानदाराला जाऊन सांगितले, अख्खी मांडी बाजूला ठेव, तोडू नको. तो म्हणाला, काका, न तोडता? चावणार कसे? चार माणसांत म्हणाला. दुकान बदलावे काय?

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ६.१५. दुकानापुढे पहिला नंबर माझा.

८.५०. घरी. दुकानदार उशिरा आला, माझा दोष नाही.

९.१०. कुकर लावला. मांडी, सहा बटाटे. घोटीच्या बरणीतले दोन चमचे. बरणी ह्या घरात आहे, म्हणजे मसाला ह्या घरचा. आणखी दोन चमचे.

९.३०. झाकण काढून पाहिले. काही नाही.

९.५०. पाहिले.

१०.१५, १०.४०, ११.००. पाहिले. वास घोटीसारखा येतो आहे. खिडकी उघडली.

११.३०. सृष्टीने पुस्तक हातात घेऊन वाचले. म्हणाली, आजोबा, यात लिहिलंय की झाकण उघडले की दर वेळी अर्धा तास वाढतो. कितीदा उघडलंत? एकदा म्हणालो.

१२.३०. देवराम आला. हातात टॉवेलमध्ये बांधलेला मोठा डबा. सुवर्णाने कालच फोन केला होता, असू द्या म्हणून. म्हणजे माझ्यावर विश्वास किती ते कळले. कुकरपाशी उकिडवा बसून विचारतो, व्याही, ह्याची शिट्टी कवा होती? म्हणालो, होत नाही. म्हणाला, आरं तिच्या! मग शिजलं कसं कळायचं? मग काचेतून पाहून म्हणाला, मटनात बटाटा? लय पाव्हणे येणारेत का?

सगळे हसले. सृष्टीसुद्धा.

१.१५. काटा खुपसला. काटा वाकला.

२.३०. सगळे देवरामचे मटण जेवले. सृष्टीने तीनदा घेतले. मी वरणभात घेतला. पित्त आहे.

संध्याकाळी ६.४०. झाले! चमच्याने तुटते आहे. देवरामने जन्मात असे केले नसेल. पण तो दुपारीच घोटीला गेला, सृष्टी मैत्रिणींना भेटायला गेली, बाकी सगळ्यांची पोटे भरलेली. महेश म्हणाला, दादा, उद्या खाऊ. सौ. म्हणाली, उद्या सोमवार.

शेवटी सौ.नेच रस्सा गॅसवर आटवला आणि डबा भरला. सृष्टी सोमवार पाळत नाही. डब्याला तीन पिशव्या घातल्या. तळाशी दोन बटाटे मी स्वतः ठेवले.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी ७. पोरगी गेली. पाया पडली. डबा सामानात घातला का, हे चार वेळा विचारले. पाचव्यांदा महेशने गाडी सुरू केली. डबा माझा आहे हे सांगायचे राहिले. कळेलच खाल्ल्यावर.

रात्री ८. घरच्या ग्रुपवर सृष्टीचा फोटो. रिकामा डबा. खाली लिहिले: घोटीच्या आबांचं मटण रूममेट्सनी बोटं चाटून संपवलं! आबा, आजचं तर नेहमीपेक्षाही भारी, एकदम सॉफ्ट!

देवरामने लगेच हात जोडलेले चित्र टाकले. आणि लिहिले, अजून पाठवतो बाळा.

अजून! पहिले कधी पाठवले?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ग्रुपवर खुलासा लिहिला. पाठवण्यापूर्वी वाचला. मटण माझे म्हटले की सुवर्णा विचारणार, मसाला कोणाचा? तिने सकाळीच बरणी उजेडात धरून पाहिली आहे. खुलासा पुसला. अंगठ्याचे चित्र टाकले.

तसा मला काही फरक पडत नाही. ‘नेहमीपेक्षाही भारी’ म्हणाली आहे. हे नेहमीपेक्षा भारी म्हणजे मीच.

कुकर पुसून खोक्यात घातला. माळ्यावर महेश चढवेल.

सृष्टी, हे तुला पाठवणार नाही, वहीतच राहील. तरी विचारतो. डब्याच्या तळाशी दोन बटाटे होते. घोटीचे आबा मटणात बटाटा घालत नाहीत. ते तू खाल्लेस, की रूममेटने? खाताना काही आठवले का? एवढेच कळव. लवकर कळव.