बिनवासाचं तेल

१८ नोव्हेंबर १९७३, श्रीगोंदा
आलो बुवा एकदाचा! एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण माळावरचा तो पाइप पाहिला आणि शीण पळाला. गेल्या वर्षी दुष्काळात इथे पाण्यासाठी चारशे फूट बोअर घेतली. पाण्याचा थेंब नाही, निघाला जळणारा वायू. गावाने कपाळाला हात लावला, आमच्या प्रयोगशाळेने मला पुण्याहून धाडलं. वायू वाफेबरोबर तापवायचा, मग लोखंडाच्या चुऱ्यातून सोडायचा, की दुसऱ्या टोकाला तेल ठिबकतं. निदान पुस्तकात तरी ठिबकतं. बॉयलर सांभाळणारा मच्छिंद्र माझी नव्या जावयासारखी बडदास्त ठेवतोय.

२४ नोव्हेंबर
ठिबकलं! पाण्यासारखं नितळ, वास अजिबात नाही. गावात रॉकेलसाठी दोन-दोन तास रांगा, आणि माझ्याकडे बादल्या भरलेल्या! पहिली बाटली माझ्या स्टोव्हला, दुसरी मच्छिंद्रच्या बायकोला, चांगुणाला. लई झ्याक जळतंय साहेब, असा तिचा निरोप आला. मग कामगारांच्या सगळ्या खोल्यांत वाटलं. एकटी म्हातारी कडूबाई नको म्हणाली, तिला गोवऱ्यांवरचीच भाकरी लागते. जुनं खोड! मंदाला पत्र टाकलं, नऊ तारखेला ये. लग्नाला सहा महिने झाले, आता कुठे संसार मांडायचा योग आला. फार आनंदात आहे.

१ डिसेंबर
चांगुणाने वरवंट्याने मच्छिंद्रचा हात मोडला. कालवणात मीठ कमी आहे, एवढंच तो बोलला होता. जाब विचारला तर म्हणाली, मला काय झालं हुतं, मलाच ठाव न्हाई. मी दोघांनाही झापलं. जरा जास्तच झापलं.

४ डिसेंबर
वॉचमन सहादूने सख्ख्या भावाला, रंगनाथला, कुऱ्हाडीने तोडलं. सकाळी, अंगणात, चहा पिता पिता. दुपारी चांगुणाने आपलं राहिलेलं काम पुरं केलं. मच्छिंद्रचा चेहरा ओळखू येत नव्हता. पोलिसांनी सहादूला आणि तिला नेलं, बाकीचे पळाले, कडूबाई तेवढी राहिली. सगळ्या खोल्यांत डोकी फुटलेली, फक्त कडूबाईच्या खोलीत काही नाही. तिच्याकडे गोवऱ्या.

तेल. माझंच तेल!

६ डिसेंबर
व्हॉल्व्ह बंद केला. बाटल्या मुरमात ओतल्या. पण माझा स्टोव्ह बारा दिवस पेटलाय, सगळ्यांच्या आधीपासून. मला माझीच भीती वाटते. मंदाने इथे येता कामा नये. उद्या तार करतो.

७ डिसेंबर
तारमास्तरने पत्ता पुन्हा विचारला. फक्त पत्ता. त्याचं डोकं मी काउंटरवर — किती वेळा, आठवत नाही. बरं वाटत होतं, ते आठवतं. पळत माळावर आलो. तार गेली नाही.

९ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितोय. तो अजून ऐकतो. उजवा कडूबाईने खाटेला बांधला, मीच सांगितलं. बाहेरून कडी घालून ती फौजदाराला आणायला गेली. मंदा दिसली तर रस्त्यातच अडव, म्हटलं —

कडी वाजली.

मंदा. चुकामूक झाली त्यांची. परत जा म्हणून ओरडलो — ऐकत नाही — रडतेय, अहो, कुणी बांधलं तुम्हाला, म्हणतेय — उजव्या हाताची मूठ आपोआप वळतेय — ती खाटेवर बसली. अगदी जवळ —

मंदा, गाठ सोडू नको. मंदा, गाठ