न मागता दिलेलं

प्लोव्हदिव्ह, बल्गेरिया
१२ फेब्रुवारी २०१४

ती. विसालताईस,
धाकट्या नायेफचा सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो असं लिहिलंस, पण कोणता ते लिहिलं नाहीस. मी जन्मभर मेंढ्यांचा डॉक्टर होतो, त्यामुळे दुखरा पाय कोणता हे आधी विचारायची सवय आहे. इकडे बर्फ अजून वितळलेलं नाही. मी बरा आहे. स्तेफका वारल्यापासून घरात मी आणि लेक नादिया; स्वयंपाक मीच करतो, म्हणजे अंडी उकडतो.

पत्राला कारण नादिया. ती नर्स झाली हे तुला लिहिलंच होतं. आता इथल्या डॉक्टर-नर्सांची एक तुकडी तुमच्याकडे, मफ्रकजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, सीरियातून आलेल्या लोकांवर उपचार करायला निघाली आहे. पगार नाही, सगळे आपखुशीनं. आमच्या बाईसाहेबांनी मला न विचारता नाव घातलं. तीन आठवड्यांत त्यांना एक शुक्रवार मोकळा आहे आणि त्या दिवशी वाळवंटातले प्राचीन अवशेष दाखवायला नेणार आहेत. कुठले म्हणून कागद बघितला, तर उम्म अल-जिमाल! ताई, आपलं गाव! ज्या काळ्या दगडाच्या खोलीत मी जन्मलो, ती बघायला माझी मुलगी टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन बसमधून उतरणार. मी इतका हसलो की तिला काळजी वाटली.

तिला भेटशील का? तिच्याकरता विचारतो आहे, माझ्याकरता नाही. आई गेली तेव्हा तू सगळ्यांसमोर शपथ घेतलीस, की नायेफचं पाऊल आणि नायेफचा आवाज माझ्या घरात येणार नाही. ती मी तेवीस वर्षं पाळली. फोनसुद्धा केला नाही. पत्राला मनाई नव्हती म्हणून पत्रं लिहितो. पण शपथेत मुलीचं नाव नव्हतं, मी नीट आठवून बघितलं.

तिला आपली भाषा येत नाही म्हटलं तरी चालेल. आत्याला हाक मारता यावी म्हणून 'अम्मती' एवढा शब्द पाठ करून घेतला आहे. बाकी काय चुकेल ते सांभाळून घे.

लोभ आहे तो असाच राहू द्यावा, ही विनंती.
तुझा
नायेफ


उम्म अल-जिमाल
५ मार्च २०१४

चि. नायेफ यास,
विसालचे अ. आ.

गुडघा डावा. पण मी मेंढी नाही, तेव्हा औषध सुचवू नकोस.

भेटशील का, असं विचारायला तुला लाज कशी वाटली नाही? आपल्यात अनोळखी पाहुण्यालासुद्धा तीन दिवस जेवू घालून मग नाव विचारतात, आणि ही तर माझ्या भावाची मुलगी. चाळीस वर्षं तिकडे राहून तुझं डोकं पार गार पडलं आहे. दारात आली की मी तिला मिठीत घेणार आणि मग सोडणार नाही, त्यांची बस गेली तर जाऊ दे.

आता घरची हकिगत. हायिल अबू धाबीतच आहे. पोरगा वाईट नाही, ईदला येतो, पण आल्यापासून घड्याळाकडेच बघत असतो. सुनेला इथली धूळ सोसत नाही. घर मोठं आहे आणि मी एकटी. परवा कोंबडीला सांगत होते, की आज जरा उशीरच झाला उठायला, तर भिंतीपलीकडून शेजारची उम्म फव्वाज ओरडली, की अगं बाई, मला सांग की, मी काय मेले आहे? पण खरं सांगू का, तिला सांगण्यात मजा नाही. तिला सगळं आधीच माहीत असतं.

शपथेचं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. आई तीन दिवस तुझं नाव घेत होती आणि तू आला नाहीस. त्याच आठवड्यात तिकडे नादिया जन्मली, हे मला नंतर कळलं. तोवर बोलून गेले होते. आपल्यात शपथ घेणारा आपणहून ती मागे घेत नाही, कोणीतरी येऊन मागावं लागतं. तू एकदाही मागितलं नाहीस. या पत्रातही तिच्याकरता विचारलंस, स्वतःकरता नाही. मी दोनदा वाचून बघितलं. मागितलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते मी सांगणार नाही.

मुलीला जाड मोजे देऊन पाठव. छावणीत रात्री फार गार होतं.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
तुझी ताई
विसाल


उम्म अल-जिमाल
१४ एप्रिल २०१४

चि. नायेफ यास,
अ. आ. वि. वि.

तुझी मुलगी येऊन गेली. सगळं सांगते. मधेच पान उलटून शेवट बघू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

मी आधीच ठरवलं होतं, की तिला रस्त्यापलीकडच्या या सिमेंटच्या घरात नाही, आईच्या जुन्या घरात भेटायचं. सरकारनं आपल्याला तिथून उठवलं, कुंपण घातलं आणि तिकीट लावलं. राखणदार आहे उम्म फव्वाजचा नवरा. त्यानं मला तोंड गंभीर करून तिकीट विचारलं. मी म्हटलं, की आधी माझ्या बापाला खोलीचं भाडं दे, मग तिकीट माग. मग सतरंजी, शेगडी आणि कॉफीची किटली त्यानंच उचलून आत नेली.

जुम्म्याच्या नमाजानंतर बस आली. दहा-बारा माणसं, सगळ्यांची नाकं लाल. बरोबरचा वाटाड्या त्यांना रोमन लोकांचं सांगत होता. पाण्याचं टाकं त्यांचं, देऊळ त्यांचं, दगडी दारं त्यांची. मग म्हणाला, की त्यानंतर हजार वर्षं इथे कोणी राहिलंच नाही. तेव्हा मागून उम्म फव्वाजनं विचारलं, की मग मी नवी नवरी होऊन आले ती काय जिन्नांच्या घरी? दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. दुभाष्या सीरियातल्या दरआचा, ग़ियास नावाचा मास्तर, स्वतःही छावणीतच राहतो. वाटाड्या सोडून सगळे हसले.

नादियाला मी कोणी दाखवायच्या आधी ओळखलं. पावलं बाहेर टाकत चालते, तुझ्यासारखी. समोर येऊन अम्मती म्हणाली. इतकं जपून म्हणाली, की मला रडू फुटलं. तिला तू जन्मलास ती खोली दाखवली. छताची दगडी तुळई अजून आहे, खाली शेण आणि कबुतरं. तिनं फोटो काढला नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली. बाकीचे पुढे गेले तरी ती तिथेच होती.

मग सतरंजीवर बसवून मी कॉफी दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, आणि एक घोटही न घेता समोर जमिनीवर ठेवून दिली. हात मांडीवर, मान खाली.

नायेफ, तू विसरला असशील, पण तेवीस वर्षं मी विसरले नव्हते. पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली, की तो काही मागायला आला आहे. यजमानानं हो म्हटल्याशिवाय तो पीत नाही, आणि तो काय मागणार हे न विचारता हो म्हणणं यातच यजमानाची शान. उम्म फव्वाज बोलायची थांबली, तिच्या नवऱ्यानं सिगारेट विझवली. मला वाटलं, अखेर नायेफनं मागितलं! स्वतःला धीर झाला नाही म्हणून मुलीच्या हाती पाठवलं. आणि खरं सांगते, मला राग आला नाही. मी इतकी खूश झाले, की मला माझीच शरम वाटली. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, की पी गं बाई माझे, ज्यासाठी आलीस ते झालं. तुझ्या बापाचं पाऊल माझ्या डोक्यावर.

ग़ियास मास्तर माझ्याकडे बघत राहिला. त्याला रिवाज ठाऊक, आणि तिला तो माहीत नाही हेही ठाऊक, म्हणून बिचाऱ्याला सांगणं जड गेलं असणार. त्यानं तिला सांगितलं, ती गोरीमोरी झाली. म्हणाली, की मी काही मागायला आले नाही, मला कॉफीनं धडधडतं, आईलाही व्हायचं. नको म्हटलं तर आत्याला वाईट वाटेल, म्हणून गुपचूप बाजूला ठेवली. मी विचारलं, की बापानं काही निरोप दिला होता का? तर म्हणाली, की हो, आत्याच्या कपाळाचा मुका घे आणि डावा गुडघा कसा आहे ते विचार.

म्हणजे मी दिलं, आणि मागितलं कोणीच नव्हतं. उम्म फव्वाजला हसू आलं होतं, पण माझं तोंड बघून तिनं पदर तोंडावर घेतला.

शब्द गेला तो गेला. इमामसाहेबांना विचारून आले. शपथ मोडायची तर दहा गरिबांना जेवू घालायचं. पुढच्या शुक्रवारी भात आणि मटण रांधून ग़ियास मास्तरबरोबर छावणीत पाठवलं. नादियानं स्वतः वाढलं. तेव्हा शपथ फिटली. आता तुला मनाई नाही.

तुझ्याबद्दल ती एक गोष्ट बोलली. म्हणाली, की बाबा शहराबाहेरच्या मेंढ्यांच्या वाड्यावर अजून रोज जातात. आजारी मेंढी असो नसो. तिथे बसून मेंढ्यांशी अरबी बोलतात. मी हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाही.

दार उघडं आहे. पुढे तुझी मर्जी.
लोभ आहे हे वेगळं लिहायला नको.
विसाल


प्लोव्हदिव्ह
६ मे २०१४

ती. ताईस,
नायेफचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी फोन उचलला. आकडे फिरवले आणि पलीकडे वाजायच्या आत ठेवून दिला. काय बोलायचं, हेच सुचेना. तुझा आवाज आता कसा असेल तेही माहीत नाही. मेंढ्यांचं तिनं सांगायला नको होतं. त्या ऐकून घेतात म्हणून बोलतो. बल्गेरियन मेंढ्या आहेत, एवढंच.

नादिया परत आली आहे. सोफियाच्या इस्पितळात नोकरी लागली, परवा सामान घेऊन गेली. जाताना म्हणाली, की बाबा, आता तरी जा. मी म्हटलं, बघू.

ताई, तुझ्यापासून काय लपवू? दार बंद होतं तोवर मी इथे सगळ्यांना सांगत होतो, की बहीण येऊ देत नाही, नाहीतर आज संध्याकाळी निघालो असतो. स्तेफका हळहळायची. शेजारी हळहळायचे. आता दार उघडलं आहे आणि मी खुर्चीत बसून आहे. पाय उठत नाहीत. मी येऊन करू काय? आई नाही. विहीर बुजली असं तूच लिहिलं होतंस. माझ्याबरोबर शाळेत होते त्यातले निम्मे मातीखाली आणि निम्म्यांना मी ओळखणार नाही. मला तिथली वाट वाटाड्याला विचारावी लागेल. तिथे आता तुझ्याशिवाय आहे तरी कोण?

तू एवढं केलंस आणि मी असं लिहितो आहे. रागावशील, रागाव. पुढच्या वर्षी बघू. तब्येत बरी राहिली तर.

लोभ कमी होऊ देऊ नये. मला दुसरा नाही.
तुझा
नायेफ


उम्म अल-जिमाल
२८ मे २०१४

चि. नायेफ यास,
अ. आ.

तुझं पत्र आलं. रागावले. उम्म फव्वाजला वाचून दाखवलं, तर तीही रागावली. म्हणाली, की याला म्हणावं, बैस तिकडेच मेंढ्यांत. ती घरी गेल्यावर मी पुन्हा वाचलं.

तिथे तुझ्याशिवाय आहे तरी कोण, असं लिहिलंस. आधी वाटलं, काय हा भाऊ! मी म्हणजे कोणीच नाही की काय? मग चुलीपाशी बसले आणि लक्षात आलं, की खरंच आहे. कोणी नाही. मीसुद्धा इथे हेच म्हणत असते, की माझ्याशिवाय या घरात आहे तरी कोण. तू तिकडून म्हणतोस, मी इकडून म्हणते.

आईनं मला एक शिकवलं होतं, की थोरल्या बहिणीनं द्यायचं असतं, मागायचं नसतं. नवरा गेला तेव्हा मी कोणाकडे काही मागितलं नाही. हायिल निघाला तेव्हा थांब म्हटलं नाही. तुझ्या बाबतीत तर तेवीस वर्षं वाट बघत बसले, की हा कधी मागतो आणि मी कधी देते. शेवटी तुझ्या पोरीला कॉफी सोसत नाही म्हणून द्यायला मिळालं, तर घेणाऱ्याचे पाय उठत नाहीत.

तर आता ऐक. मला एकटीला होत नाही. गुडघ्याचं नाही म्हणत. तो दुखतो, दुखू दे. संध्याकाळ एकटीला सोसत नाही. पाच वाजले, की दार लावून घेते, कारण उघडं ठेवलं तरी कोणी येत नाही. मला आपल्या आईला आई म्हणणारं एक माणूस समोर बसलेलं हवं आहे. तू काही बोलला नाहीस तरी चालेल. विहीर बघायला येऊ नकोस, शाळेतल्या कोणाला भेटायला येऊ नकोस. माझ्याकरता ये. ही परवानगी नाही, नायेफ. परवानगी मागेच दिली. हे मी मागते आहे. आयुष्यात पहिल्यांदा मागते आहे, त्यामुळे नीट जमलं नसेल.

नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हण. तेवढा तरी आवाज घरात येईल.

कळावे. लोभ पत्रांतून पुष्कळ झाला. मला माणूस हवा आहे.
तुझी
विसाल