सुमनताईंकडचा अर्धा कप

बोळिंज, रविवार, २२ जानेवारी २००६

समोरच्या सुमनताईंनी आज मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांच्या मिस्टरांनाही आमच्या ह्यांच्यासारखाच कंपवात. ते दिल्लीला जाऊन स्टेम सेलची इंजेक्शनं घेऊन आलेत. आमचे डॉक्टर म्हणाले, अजून काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून आम्ही गप्प बसलो. आणि आज सुमनताईंच्या मिस्टरांनी माझ्यादेखत एकट्याने कप उचलला. थेंबभर सांडलं नाही!

"बघितलंत ना, वहिनी? तुम्हीही भाऊंना घेऊन जाच," सुमनताई म्हणाल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर त्यांचाच तिळगूळ खाऊन गोड बोलायचं!

मग लक्ष गेलं. आम्हा दोघींचे कप काठोकाठ, मिस्टरांचा मात्र अर्धा. मीही ह्यांना अर्धाच देते, हात थरथरला तरी सांडू नये म्हणून. संपला की पुन्हा अर्धा. सुमनताईंनीही तेच केलं, माझ्याकडे न बघता.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? पण जळफळाट तसाच. निदान त्यांच्याकडे "बघितलंत ना" म्हणायला काहीतरी आहे!

घरी येऊन ह्यांचा चहा टाकला. कप काठोकाठ भरून पुढे ठेवला. का, कोण जाणे.

ह्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हात मांडीखाली सरकवले.