अल्कांतारांचं घराणं

वाशिम, ४ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
सप्रेम जयभीम. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून कागद घेतला. आमचे चिरंजीव अश्वजित बहारीनला तुझ्या डोळ्यांदेखत काय दिवे लावतायत ते कळलं. मारिसोल अल्कांतारा! मुलगी फिलिपाइन्सची आणि आडनाव स्पॅनिश! आपल्यात मुली संपल्या होत्या का? बरं, स्पेनच्या एखाद्या सरदार घराण्यातली असली तर लोकांना तोंड तरी दाखवता येईल. चौकशी कर. तोवर माझा होकार नाही, आणि होकाराशिवाय लग्न करणार नाही असा त्याचा शब्द आहे.

मीठ कमी खात जा. भावावर माया असू दे.
तुझा दादा, शामराव

सलमाबाद, बहारीन, २० जानेवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम. केली बाबा चौकशी! मारिसोलला चहाला बोलावून घराणं विचारलं, तर पोट धरून हसली. तिच्या पूर्वजांना ठरलेलं आडनावच नव्हतं. १८४९ साली तिथं राज्य करणाऱ्या स्पॅनिश गव्हर्नरानं आडनावांची यादी काढली आणि अंमलदारांनी ती गावोगाव रेशनसारखी वाटली. बरं, स्पेनचं तरी ते कुठलं? तिथल्या एका गावाचं नाव, पडलं नदीवरच्या पुलावरून, आणि पुलाचा शब्द अरबांचा, अल्-कंतरा. स्पेनहून मनिलाला गेलं, आणि आता परत अरबांच्या दारात नोकरीला आलंय. घे तुझे सरदार!

आता आपलं. पाटलानं आबांना चिकटवलेलं आडनाव नकोसं झालं, म्हणून तू वकिलाकडच्या राजपत्रातली नावं चाळून 'देशकर' उचललंस. त्यात काहीच वाईट नव्हतं. पण अश्वजितला वाटतं आपण पिढ्यान्‌पिढ्या देशकर. ती पोरगी यादीतलं आडनाव हसत सांगते, आणि तू ते लपवून दुसऱ्याचं घराणं विचारतोस! जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. मी त्याला सांगणार नाही, तूच सांग. नाहीतर खलास, माझ्याशी बोलू नकोस.

चिडलास तरी लोभ आटवू नकोस.
ज्योत्स्ना

वाशिम, ६ फेब्रुवारी

चि. ज्योत्स्नास,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. कांता म्हणाली, वन्संनी कमीच लिहिलं. मग मी जुनी पेटी उपसली.

राजपत्राचं कात्रण सदतीस वर्षं पेटीच्या तळाशी होतं. सोबत पाठवतोय. जुनं आडनाव अजून स्पष्ट वाचता येतं. अश्वजितला सांगायची मला भीती वाटायची गं, दुसरं काही नाही. दोघांना समोर बसव आणि वाचून दाखव. त्याला म्हणावं, बापाला माफ कर.

आणि मारिसोलला आमचं घराणं चालतं का, तेवढं विचारून कळव.

तुझा,
दादा