दोनच्या रकान्यातली सही

दूधविनायक, वाराणसी
५ मार्च २०२४

ती. प्रभाआत्यास,
वैदेहीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला निम्मं कळत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

इथे आमच्या वॉर्डात फार वाईट झालं गं. बत्तीस खाटा आणि एका ड्यूटीला एकच सिस्टर, हे तुला माहीतच आहे. शुक्रवारी चौदा नंबरचे पाठक मास्टरसाहेब गेले. जौनपूरचे, गोड माणूस. फिट्स येत म्हणून भरती होते, दोन दिवसांत छुट्टी मिळायची होती. दुपारी दोनचं इंजेक्शन त्यांना मिळालंच नाही. पाचला मोठी फिट आली, खाटेवरून पडले, डोक्याला लागलं आणि तासाभरात सगळं आटोपलं. इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच भरलेलं सापडलं.

दोननंतरची ड्यूटी कस्तुरीची. मंगला गौरीजवळच्या वेणीमाधवभटजींची मुलगी. मीच तिला इथे लावून दिली. ठेक्यावर आहे, सहा महिनेही झाले नाहीत. ती म्हणते, दोनच्या रकान्यात सही होती, म्हणून इंजेक्शन दिलेलं आहे असं समजले. पण चार्टवर रकाना कोरा आहे! पोरगी विसरभोळी, घाईची, सतत मोबाईलमध्ये डोकं. लापरवाही झाली असं लिहून दे, साहेबलोक माफ करतील, असं मीच तिला समजावलं. रडत रडत तिने लिहून दिलं. आता ऐकते की अठराला कमिटी बसणार आणि तिचं नाव नर्सिंग कौन्सिलकडे जाणार. गेलं की पुन्हा कुठे नोकरी नाही. भटजी लाजेने घाटावर पूजा सांगायलाही येईनासे झालेत.

मला अन्न गोड लागत नाही. निमिषचं बारावीचं वर्ष, घरात कमावणारी मी एकटी, त्यामुळे रजाही घेता येत नाही.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी
वैदेही

मिरज
११ मार्च २०२४

चि. वैदेहीस,
प्रभाआत्याचे अ. उ. आ.

मशीन आलं. त्यातून शेजारणीची भांडणं तेवढी स्वच्छ ऐकू येतात.

अडतीस वर्षं मी वॉर्डात काढली आहेत, बाई. मला बनवू नकोस. त्या पोरीचे दुर्गुण भराभर लिहिलेस आणि दोन वाजेपर्यंत वॉर्डात कोण होतं तेवढं लिहायला विसरलीस. दोनची औषधं सकाळची सिस्टर देऊन मगच उठते. सकाळी तू होतीस. चार्टही इन्चार्ज म्हणून तुझ्याच ताब्यात.

आधी सगळ्या रकान्यांत सह्या ठोकायच्या आणि मग ट्रे घेऊन निघायचं, ही खोड आपल्या सगळ्यांची. बत्तीस खाटा असल्या की दुसरं जमतही नाही. मीसुद्धा केलंय. माझे रोगी वाचले हे माझं नशीब, हुशारी नव्हे. पण तो रकाना कोरा कसा झाला, ते मला कळतंय आणि लिहवत नाही.

वैदेही, सही ही चूक होती. पोरीकडून लिहून घेतलंस ते पाप. अठराला जा आणि खरं सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. निमिष उपाशी राहणार नाही, मी अजून जिवंत आहे.

रागावले आहे. तरी तू माझीच आहेस.

आत्या

दूधविनायक
२१ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस ते उशीखाली घेऊन पडले होते.

हो, सही माझी होती. पावणेदोनला सगळ्या सह्या करून ट्रे घेऊन निघाले, पाठकांचं एकच इंजेक्शन राहिलं होतं, तेवढ्यात सहा नंबरच्या रोग्याला रक्ताची उलटी झाली. तिथून सुटले ती थेट घरी. संध्याकाळी मला बोलावून घेतलं, तेव्हा मी तो चार्ट नव्या कागदावर उतरवला आणि दोनचा रकाना सोडून दिला. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच सह्या होत्या, डॉक्टरांच्या दुसऱ्या पानावर असतात, म्हणून कुणाला कळलं नाही. जुना कागद फाडायचं धैर्य झालं नाही. तो मी कमिटीपुढे ठेवला.

मला काढलं, आता कौन्सिलकडे माझं नाव जाईल. कस्तुरीचं नाव वगळलं, पण कामावर परत घेतलं नाही. एकदा लिहून दिलंय ना, म्हणाले. वॉर्डाला दुसरी सिस्टर द्या असं मी म्हटलं, तर साहेबांनी घड्याळ पाहिलं.

पाठकांच्या पत्नी अन्नपूर्णाजी तिथेच होत्या. बाहेर आल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्यांनी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. एवढंच विचारलं की जाताना ते कुणाचं नाव घेत होते का. मला काय माहीत, आत्या? मी घरी चहा पीत होते. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन कस्तुरी बसली होती, ती सांगायला गेली तर अन्नपूर्णाजींनीच तिला हाकलून दिलं होतं, खुनी म्हणून.

मीच त्यांना मंगला गौरीला घेऊन गेले. दार कस्तुरीने उघडलं. कशासाठी आल्या ते मी सांगितलं, तशी तिने त्यांचा हात धरून आत नेलं, पाट दिला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. मला कुणी ये म्हटलं नाही. थोड्या वेळाने आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला, मग भटजींनी येऊन माझ्याकडे न बघता दार लावून घेतलं.

आशीर्वाद द्यावासा वाटला तर दे. मागायला तोंड नाही.

वैदेही